बौद्धनाथाची प्रदक्षिणा



तेल्हाऱ्याचा मनुष्य दूरच्या प्रवासास निघाला म्हणजे बहुधा शेगांवच्या वाटेस लागतो. आमच्या गांवीं आगगाडी नाहीं. मोटारीनें दक्षिणेकडे यावें, वाटेंत पूर्णा ओलांडावी, शेगांवीं गजाननमहाराजांच्या समाधीपुढें मस्तक नमवावें आणि मग फलाटावर वळकटी टाकून गाडीची वाट पाहावी, असा आमचा क्रम आहे. दोन वर्षांपूर्वीं कार्तिकांत, कपाशीची पहिली वेचणी आटोपल्यावर, याच वाटेनें मी काठमांडूस गेलों. त्या प्रवासाची हकीकत सांगण्याचें मीं कबूल केलें तेव्हां हिमशिखरें, देवळें, बाजार यांचें वर्णन करावें आणि दिलेली वेळ संपवावी, असा माझा विचार होता. परंतु त्या प्रवासांत मला एका साध्या प्रश्नाचें उत्तर देतां आलें नाहीं, आणि तो प्रश्न माझ्याबरोबर घरीं आला. म्हणून आजचें भाषण बहुतांशीं एकाच स्थळाविषयीं होणार आहे. तें स्थळ म्हणजे काठमांडूजवळील बौद्धनाथाचा स्तूप.

वाटेचें वर्णन थोडक्यांत करतों. भुसावळास गाडी बदलून गोरखपूर गांठलें. तेथून मोटारीनें सुनौलीची सरहद्द. पुढें नारायणगढ व मुग्लिन यांवरून त्रिशूली नदीच्या कांठाकांठानें डोंगरांतला रस्ता. भारतीय मनुष्यास नेपाळांत शिरण्यास पारपत्र लागत नाहीं. ओळखपत्र दाखविलें म्हणजे पुरे. रस्त्यानें हाडें खिळखिळीं झालीं. काठमांडूचें खोरें समुद्रसपाटीपासून सुमारें १,४०० मीटर उंचीवर आहे, त्यामुळें कार्तिकांतली तेथील पहाट आमच्या पौषासारखी भासते.

मी ज्यांच्या घरीं उतरलों ते गृहस्थ पाटण शहराचे नेवार. नेवार म्हणजे या खोऱ्यांतले मूळचे रहिवासी. पितळेच्या व तांब्याच्या मूर्ति मेणाच्या नमुन्यावरून ओतणें हा त्यांचा वडिलार्जित धंदा. वय सत्तरीच्या पुढचें, हिंदी अस्खलित, बोलणें मोजकें. दुसऱ्या दिवशीं पहाटे तेच मला बौद्धनाथास घेऊन निघाले.

शहराच्या मध्यापासून ईशान्येकडे सुमारें सात किलोमीटर जावें लागतें. वाटेंत चाबहिल लागतें. तेथील लहानसा स्तूप सम्राट् अशोकाची कन्या चारुमती हिनें बांधविला, अशी तिकडे समजूत आहे. अशा समजुतींस इतिहासाचा दाखला मागूं नये. पण अशोकाचें नांव इतक्या दूरच्या दरींत अजून घरच्या माणसासारखें घेतलें जातें, याचें मला नवल वाटलें. पुढें दुकानांची दुतर्फा रांग, त्यांतून एक अरुंद वेस, आणि वेशींतून पाऊल आंत टाकतांच समोर एकदम आकाश भरून तो पांढरा घुमट!

स्तूप म्हणजे काय, हें वऱ्हाडच्या माणसास फारसें समजावून सांगण्याचें कारण नाहीं. अजिंठ्याच्या चैत्यलेण्यांत शेवटच्या टोंकाशीं कातळांत कोरलेला जो घुमटाकार भाग दिसतो, तोच स्तूप. मूळ कल्पना अगदीं साधी आहे: महापुरुषाचे अवशेष ठेवावे व त्यांवर मातीचा ढीग रचावा. बुद्धाच्या परिनिर्वाणानंतर त्याच्या अस्थींचे आठ भाग झाले व त्यांवर आठ स्तूप उभे राहिले, असें बौद्ध ग्रंथांत सांगितलें आहे. देवळास गाभारा असतो, समाधीस भुयार असतें. स्तूपाच्या आंत जाण्यास वाटच नसते. आंत जाणें नाहीं म्हणून भोंवतीं फिरणें हीच त्याची पूजा. नागपूरच्या दीक्षाभूमीवरील स्तूप आंतून पोकळ असून त्यांत शेंकडों माणसें बसूं शकतात, पण तो आधुनिक प्रकार झाला. बौद्धनाथ जुन्या पद्धतीचा, भरीव.

एकावर एक तीन चौथरे, त्यांवर चुन्यानें शुभ्र केलेला प्रचंड घुमट, घुमटावर चौकोनी शीर्ष, त्यावर क्रमाक्रमानें लहान होत गेलेल्या तेरा पायऱ्या आणि सर्वांवर सोन्याचा मुलामा दिलेलें छत्र. एकूण उंची सुमारें ३६ मीटर. चौकोनी शीर्षाच्या चारी बाजूंस डोळ्यांची एकेक जोडी रंगविलेली आहे, आणि नाकाच्या जागीं नेपाळी एकाचा आंकडा. ते डोळे रागावलेले नाहींत, हंसरेहि नाहींत. घुमटावर केशराच्या पिवळ्या पाण्याचे फरांटे असे सोडलेले असतात कीं, दुरून कमळाच्या पाकळ्या दिसाव्या. पायथ्याशीं सभोंवार लहान कोनाडे असून त्यांत अमिताभ बुद्धाच्या १०८ मूर्ति आहेत, आणि बाहेरच्या भिंतींत मंत्र कोरलेलीं फिरतीं चक्रें बसविलेलीं आहेत. जो येतो तो उजव्या हातानें चक्र फिरवीत पुढें जातो.

आम्ही पोंचलों तेव्हां उजाडलें नव्हतें, तरी शेंकडों माणसें त्या वर्तुळांत चालत होतीं. १९५९ सालानंतर तिबेट सोडून आलेल्या पुष्कळ कुटुंबांनीं या परिसरांत वस्ती केली. त्यांतल्या एक वृद्ध बाई प्रत्येक पावलागणिक साष्टांग नमस्कार घालीत प्रदक्षिणा करीत होत्या. हातांना लांकडी फळ्या बांधलेल्या, कमरेस चामड्याचें वस्त्र, कपाळास घट्टा. त्यांच्या बाजूनें शाळेंत जाणारीं मुलें धांवत होतीं, एक तरुण कानांस दूरध्वनी लावून मोठ्यानें कांहीं सौदा करीत चालला होता, आणि एक कुत्रें सर्वांच्या मधून उलट्या दिशेनें फिरत होतें. कोणी कोणास हटकीत नव्हतें. कित्येक प्रवासी लिहितात कीं दुकानांनीं व उपाहारगृहांनीं तेथील पावित्र्य नासलें. मला तसें वाटलें नाहीं. चंद्रभागेच्या कांठीं आषाढींत काय कमी बाजार भरतो? माणसें जेथें येतात तेथें बांगड्या आणि भजीं यावयाचींच.

दुसरी प्रदक्षिणा चालू असतां नेवार गृहस्थांनीं या स्तूपाची कथा सांगितली. कोंबड्या पाळून पोट भरणारी, चार मुलांची आई, अशी एक गरीब बाई होती. तिनें राजाकडे स्तूपासाठीं जागा मागितली, आणि तीहि किती? एका म्हशीच्या कातड्यानें व्यापेल तेवढी. राजानें हंसून होकार दिला. बाईनें कातड्याच्या बारीक वाद्या कातरल्या, त्या एकीस एक जोडल्या आणि त्या लांब दोरीनें हें विस्तीर्ण वर्तुळ आंखलें. सरदार-सावकार चिडले. परंतु दिलेली परवानगी परत घेतां येत नाहीं, असें उत्तर राजानें दिलें. तिबेटी लोकांत या स्तूपाचें जें नांव आहे त्याचा अर्थच तो आहे. काम पुरें होण्यापूर्वीं बाई वारली आणि तिच्या मुलांनीं तें तडीस नेलें.

नेवार लोक मात्र या स्तूपास दुसऱ्या नांवानें ओळखतात. ते म्हणतात, खास्ति. खास्ति म्हणजे दंवाचें पाणी. बांधकामाच्या दिवसांत भयंकर अवर्षण पडलें. तेव्हां लोक रात्रीं उघड्यावर कापडें पसरून ठेवीत, पहाटे तीं पिळीत आणि जें पाणी निघे त्यानें चिखल कालवून विटा बसवीत. अभ्यासकांच्या मतें स्तूप लिच्छवि राजांच्या अमदानींत, पांचव्या शतकाच्या सुमारास, बांधला गेला असावा. त्यावेळीं दंव पिळलें कीं नाहीं हें कोण सांगणार? पण मला स्वतःला कातड्याच्या कथेपेक्षां ही दंवाची कथा अधिक भावली. ज्याच्या मुलुखांत विहिरीला पाणी आहे पण तें खारट आहे, त्यालाच कापड पिळून पाणी काढणें म्हणजे काय तें कळेल.

काठमांडूच्या वाटेस जाणारा मी कांहीं पहिला मराठी मनुष्य नव्हे. गोव्यांतील सांखवाळ येथें १८७६ सालीं जन्मलेले धर्मानंद कोसंबी बुद्धाच्या शिकवणुकीच्या शोधांत घर सोडून निघाले. पुणें, ग्वाल्हेर, काशी असें करीत ते विसाव्या शतकाच्या अगदीं आरंभीं नेपाळांत पोंचले. त्या काळीं ही वाट पायांखालीं घालणें म्हणजे काय असेल, याची मोटारींत बसून कल्पना येत नाहीं. येथें धर्माची जी स्थिति त्यांना दिसली तिनें त्यांची निराशा झाली, आणि ‘निवेदन’ या आत्मचरित्रांत ती त्यांनीं झांकून ठेविलेली नाहीं. ते तेथून बुद्धगयेस व पुढें सिंहलद्वीपास गेले आणि पालीचे पंडित होऊन परतले. त्यांनीं देह ठेविला तो आपल्याच विदर्भांत, वर्ध्याजवळ सेवाग्रामीं, ४ जून १९४७ रोजीं. त्यांस ज्ञान हवें होतें, विटा नको होत्या. म्हणून त्यांच्या निराशेस मी दोष देत नाहीं. पण विटांच्या भोंवतीं चालणाऱ्या त्या वृद्ध बाईच्या कपाळावरचा घट्टा पाहिल्यावर विटा निरुपयोगी असतात असेंहि मला म्हणवत नाहीं.

पुढें १९५६ च्या नोव्हेंबरांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर जागतिक बौद्ध परिषदेच्या चौथ्या अधिवेशनासाठीं याच शहरीं आले. नागपुरास १४ ऑक्टोबर रोजीं त्यांनीं धम्मदीक्षा घेतली, त्यास जेमतेम महिना लोटला होता. प्रकृति खालावलेली असतांहि २० नोव्हेंबरास त्यांनीं बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर भाषण केलें. ६ डिसेंबरास दिल्लींत त्यांचें निधन झालें. आमच्या भागांतून दरवर्षीं सहा डिसेंबरास दादरच्या चैत्यभूमीकडे जाणाऱ्यांनीं गाड्या कशा भरतात, तें शेगांवच्या फलाटावर उभा राहिलेला कोणीहि सांगेल. चैत्यभूमि, चैत्य, स्तूप हे शब्द वऱ्हाडांतल्या हजारों घरांत आज रोजच्या बोलण्यांतले आहेत, आणि म्हणूनच पुढची गोष्ट सांगतांना मला अधिक लाज वाटते.

तिसरी प्रदक्षिणा संपवून आम्ही पायरीवर टेंकलों. नेवार गृहस्थांनीं वर छत्राकडे बोट दाखविलें. २५ एप्रिल १९१५ नव्हे, २०१५, असें त्यांनीं आपली चूक सुधारून म्हटलें. म्हाताऱ्यांची शतकें अशीं घसरतात. त्या दिवशीं ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला, आणि त्यांत नेपाळांत सुमारें नऊ हजार माणसें दगावलीं. बौद्धनाथाच्या शीर्षास व वरच्या तेरा पायऱ्यांस मोठ्या भेगा पडल्या. सगळा कळस उतरवावा लागला. अनेकांचीं स्वतःचीं घरें पडलेलीं, माणसें ताडपत्रीखालीं राहत असलेलीं, अशा स्थितींत भाविकांच्या देणग्यांतून काम उभें राहिलें. कित्येकांनीं अंगमेहनत दिली. तीस किलोहून अधिक सोनें कळसास लागलें, आणि २२ नोव्हेंबर २०१६ रोजीं स्तूप पुन्हां दर्शनास खुला झाला. अवघ्या दीड वर्षाच्या आसपास! काठमांडूंतलीं इतर कित्येक देवळें तेव्हां अजून टेंकू लावलेल्या अवस्थेंत होतीं.

“तुम्हींहि हात लावला होता काय?” मीं विचारलें.

“विटा वाहिल्या,” ते म्हणाले. “घर नंतर बांधलें.”

मग थोडा वेळ थांबून त्यांनीं मला सहज विचारलें, “आपल्या गांवचा चैत्य कोणता?”

त्यांच्या दृष्टीनें हा प्रश्न, आपल्या गांवचा मारुति कोणता, अशासारखा होता. पाटणांत प्रत्येक बहालांत, म्हणजे जुन्या विहाराच्या चौकांत, एखादा तरी लहान चैत्य असतोच. कपडे वाळत घालावे, मुलांनीं पाठ टेंकून अभ्यास करावा, इतका तो घरचा. मीं अजिंठा सांगितला. त्यांनीं तो चित्रांत पाहिला होता. नागपूर सांगितलें, दादर सांगितलें. त्यांनीं मान डोलावली.

“हीं दूरचीं झालीं, बाबूजी. मी गांवचा विचारतों.”

गांवाजवळ असें कांहीं नाहीं, आमचा मुलूख काळ्या मातीचा, तेथें डोंगर नाहींत, लेणीं नाहींत, असें मीं उत्तर दिलें. उत्तर देतांना मला तें खरेंच वाटत होतें.

घरीं परतल्यावर शेगांवाकडच्या माझ्या परिचयाच्या एका शिक्षकांपाशीं मीं ही हकीकत रंगवून सांगितली. ते ऐकून घेऊन म्हणाले, “तुम्ही पूर्णेच्या पुलावरून गेलांत ना? मग भोन तुमच्या डाव्या-उजव्या हातालाच कोठें तरी राहिलें असेल!”

भोन हें बुलढाणें जिल्ह्यांत, संग्रामपूर तालुक्यांत, पूर्णेच्या कांठीं वसलेलें खेडें आहे. तेल्हाऱ्याहून सकाळीं निघालें तर दुपारच्या जेवणास घरीं येतां येईल इतकें जवळ. या शतकाच्या पहिल्या दशकांत पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनीं तेथें उत्खनन केलें. काळ्या मातीखालून प्राचीन नगराचे अवशेष निघाले. जुनीं नाणीं निघालीं. आणि एका स्तूपाचा विटांचा वर्तुळाकार पाया निघाला. त्याचा काळ इसवी सनापूर्वीं तिसऱ्या शतकापर्यंत मागें जात असावा, असें उत्खनन करणाऱ्यांचें मत आहे. म्हणजे अशोकाचा काळ. बौद्धनाथाचा पाया घातला गेला त्याच्याहि कित्येक शतकें पूर्वीं आमच्या पूर्णेकांठीं माणसें एका स्तूपाभोंवतीं फिरत होतीं! आणि आणखी एक गोष्ट त्या मातींत सांपडली. भाजलेल्या मातीचीं कडीं एकावर एक बसवून बांधलेल्या विहिरी तेथें मोठ्या संख्येनें आहेत. नदीचा कांठ असतां इतक्या विहिरी कशास लागल्या असतील, याचा अभ्यासकांनीं विचार केला आहे. पूर्णेचें खोरें खारपाणाचें आहे हें ज्याला ठाऊक आहे तो त्या विहिरींकडे पाहून चटकन् उमजेल कीं गोड्या पाण्याची ही ओढ आजकालची नाहीं.

याच ओढीनें आतां त्या स्थळावर पाणी येऊं घातलें आहे. नांदुरें तालुक्यांत जिगांवजवळ पूर्णेवर मोठ्या धरणाचें काम हातीं घेण्यांत आलें असून भोनचें हें स्थळ त्याच्या बुडीत क्षेत्रांत येतें. जिल्ह्यांतील इतिहासप्रेमी व बौद्ध मंडळी स्तूप वांचवावा म्हणून मागणी करीत आली आहेत.

येथें मला स्पष्ट बोलणें भाग आहे. धरण नको, असें माझ्यानें म्हणवत नाहीं. ज्या गांवांत विहिरीच्या पाण्यानें जमीन फुगते व पीक करपतें, ज्या गांवांत पिण्याच्या पाण्याच्या वाटेकडे डोळे लावून बायाबापड्या बसतात, त्यांना दोन हजार वर्षांपूर्वींच्या विटांसाठीं तहानलेलें राहा असें सांगण्याचा अधिकार मला नाहीं. पण पाणी कीं विटा, असा एकच पर्याय समोर ठेवला जातो तेव्हां तो मला खोटा वाटतो. कृष्णेवरील नागार्जुनसागर धरणाखालीं नागार्जुनकोंडा येथील प्राचीन बौद्ध नगर बुडणार हें ठरल्यावर १९५४ ते १९६० या काळांत तेथें मोठें उत्खनन करण्यांत आलें, आणि निवडक वास्तु उचलून उंच टेकडीवर पुन्हां रचण्यांत आल्या. ती टेकडी आज जलाशयांतलें बेट झाली असून लोक होडींत बसून ते अवशेष पाहावयास जातात. धरणहि झालें, वास्तुहि राहिल्या. हें सत्तर वर्षांपूर्वींचें काम. बौद्धनाथाचा भंगलेला कळस वीट वीट करून उतरविला गेला आणि पुन्हां चढविला गेला, तो तर माझ्या डोळ्यांनीं मीं पाहिला. त्यासाठीं प्रथम कोणीतरी तो आपला आहे असें म्हणावें लागतें. पूर्णेच्या पुलावरून मी आयुष्यांत किती वेळां गेलों असेन? माझ्या तोंडून भोनचें नांव कधीं निघालें नाहीं.

गेल्या माघांत मी भोनला जाऊन आलों. डोळ्यांत भरेल असें तेथें कांहींच नाहीं. कळस नाहीं, छत्र नाहीं, पताका नाहींत, कोणाकडेहि पाहणारे डोळे नाहींत. काळी माती, तिच्यांत कोठें कोठें खापरांचे तुकडे, आणि खालीं पूर्णेचें आटलेलें पात्र. शिक्षकांनीं दाखविलेल्या जागेभोंवतीं मी डावीकडून उजवीकडे चालूं लागलों. बाजूच्या शेतांत हरभरा सोंगणाऱ्या एका बाईंनीं हात थांबवून हांक मारली, “काई हरपलं काय जी?”

मीं सांगितलें कीं प्रदक्षिणा घालतों आहें.

“मंग चपला काढा ना,” त्या म्हणाल्या, आणि पुन्हां सोंगणीस लागल्या.

मीं चपला काढल्या. ढेकळें फार टोंचलीं, तरी तीन फेऱ्या पुऱ्या केल्या. पाटणच्या गृहस्थांना पत्र लिहावयाचें राहून गेलें होतें. तें त्याच रात्रीं लिहिलें, आणि त्यांच्या प्रश्नाचें उत्तर म्हणून गांवाचें नांव मोठ्या अक्षरांनीं काढून पाठविलें. त्यांचें उत्तर महिन्यानें आलें. मजकूर दोनच ओळींचा होता: पुढच्या हिंवाळ्यांत येतों, तोंपर्यंत पाणी चढणार असेल तर आधीं कळवा.